कंपनी बंद, घर सुरू

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात सुट्टीचं पंचांग वेगळं आहे. उरलेल्या महाराष्ट्राचा रविवार, तर भोसरी-चिंचवडमधल्या कितीतरी कारखान्यांचा गुरुवार. विजेचा सगळा भार एकाच वेळी येऊ नये म्हणून औद्योगिक वसाहतींच्या साप्ताहिक सुट्ट्या वेगवेगळ्या वारी वाटल्या गेल्या आणि गुरुवार इथे कायमचा मुक्कामाला आला. परिणाम असा की एकाच घरात तीन-तीन सुट्ट्या नांदतात. वडिलांची गुरुवारी, मुलांची रविवारी, आणि आई हिंजवडीला आयटीत असेल तर तिची शनिवार-रविवार. त्यात पाळ्या. वडील रात्रपाळी करून कंपनीच्या बसमधून उतरतात तेव्हा मुलं शाळेच्या रिक्षात चढत असतात. आठवडाभर माणसं एका छताखाली असतात, पण एकत्र असतातच असं नाही.

या पंचांगात एक आठवडा मात्र असा येतो की बऱ्याच घरांतले वार जुळतात. डिसेंबर संपत आलेला असतो, वाहनांचे अनेक कारखाने वर्षअखेरीच्या शटडाऊनसाठी काही दिवस थांबतात, इंग्रजी माध्यमाच्या शाळांना नाताळची सुट्टी लागलेली असते आणि सकाळी अंगावरची गोधडी बाजूला सारायला कुणी तयार नसतं. हे छोटं पुस्तक त्या आठवड्याबद्दल आहे. त्या दिवसांत कुठेही न जाता, घरातच राहून, चित्रपट बघत आणि पुस्तकं वाचत सुट्टी घालवणाऱ्यांसाठी ते आहे. अशी सुट्टी म्हणजे वेळ फुकट घालवणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी तर ते जरूर वाचावं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, शटडाऊन म्हणजे फाटकाला कुलूप. प्रत्यक्षात लाइन चालू असताना ज्या गोष्टींना हात लावता येत नाही त्यांच्यासाठी लाइन थांबवलेली असते. पेंट शॉपमधले बूथ आणि ओव्हन साफ करायचे असतात, कन्व्हेयरच्या झिजलेल्या साखळ्या बदलायच्या असतात, वेल्डिंगच्या रोबोंचं ग्रीसिंग आणि कॅलिब्रेशन करायचं असतं, प्रेसच्या डाय दुरुस्तीला काढायच्या असतात. यात हिशेबाचाही भाग आहे. गाडीच्या कागदांवर उत्पादनाचं वर्ष असतं. 31 डिसेंबरला लाइनवरून उतरलेली गाडी दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या नजरेत 'मागच्या वर्षीची' होते, त्यामुळे वर्ष सरताना गोदाम भरून ठेवण्यात कुणालाच रस नसतो. जर्मन कंपन्यांत तर नाताळ ते नवीन वर्ष हा बंदचाच काळ मानला जातो. मोठी कंपनी थांबली की तिला माल पुरवणारे व्हेंडर थंडावतात, आणि व्हेंडरांचं जॉबवर्क करणारी भोसरीतली दहा-बारा माणसांची वर्कशॉपही. मेंटेनन्सवाले मात्र नेमके याच दिवसांत सगळ्यांत जास्त राबतात. इतरांची सुट्टी त्यांच्या घामावर उभी असते आणि त्यांची स्वतःची सुट्टी जानेवारीत, सी-ऑफ म्हणजे बदली सुट्टी म्हणून, एकेक दिवस तुटक हाती पडते.

सुट्टी ही कामगाराला कुणी सहज दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, हजारो सह्यांचे अर्ज केले, तेव्हा कुठे 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची एक सुट्टी मान्य केली. भरपगारी वार्षिक रजाही पुढे 1948 च्या कारखाने कायद्याने पक्की केली. काम केलेल्या 20 दिवसांमागे एक दिवस रजा, हा त्यातला हिशेब इथल्या जुन्या कामगारांना तोंडपाठ आहे. पगारपत्रकावर 'पीएल शिल्लक' म्हणून जो आकडा दिसतो, त्याच्यामागे एवढा इतिहास आहे.

आता हा आकडा खर्च कुठे होतो ते बघावं. हे शहर बाहेरून आलेल्यांचं आहे. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, मग मोठमोठे वाहन कारखाने आले, आणि 1970 मध्ये नगरपालिका झालेली गावं 1982 मध्ये महापालिका झाली. 2009 मध्ये फोक्सवागनचा कारखाना सुरू झाला तोवर एकेकाळी संग्रामदुर्ग आणि कांद्याचा बाजार एवढ्यासाठीच ओळखलं जाणारं चाकण गाड्यांसाठी ओळखलं जाऊ लागलं होतं. या प्रत्येक लाटेबरोबर मराठवाडा, विदर्भ, खानदेश, सोलापूर, सांगली-सातारा इथून माणसं आली. ती इथे राहतात, पण त्यांच्या रजा गावाच्या नावावर असतात. दिवाळीला वल्लभनगरच्या एसटी स्थानकावर जी झुंबड उडते ती त्या रजांची. गौरी-गणपती, गावची जत्रा, चुलत बहिणीचं लग्न, शेतातली पेरणी, वडिलांचं आजारपण, वर्षश्राद्ध. पीएलच्या खात्यातला एकेक दिवस असा परस्पर उचलला जातो. यात तक्रार करण्यासारखं काही नाही. गाव आहे म्हणून तर माणूस शहरात तग धरतो. पण दिवाळीत गावी जाऊन आलेल्या माणसाला विचारा, विश्रांती झाली का. दोन रात्री बसमध्ये, चार दिवस पाहुण्यांत, आणि परत आल्यावर थेट पहिली पाळी.

डिसेंबरअखेरीच्या सुट्टीवर असा कुणाचाच हक्क नाही. तिला सण नाही, मुहूर्त नाही, आहेर नाही, कुणाकडे गेलं नाही म्हणून कुणी रुसत नाही. कंपनीने आपल्या सोयीसाठी दिलेली ही सुट्टी म्हणूनच कामगाराच्या सगळ्यांत जास्त सोयीची आहे. माझं म्हणणं थोडक्यात एवढंच की ही एक सुट्टी इथल्या घरात घालवावी. बँकेचा हप्ता फेडत आणि वर्षानुवर्षं घरपट्टी भरत आपण ज्या दोन खोल्या उभ्या केल्या, त्यांत आपण बहुतेक वेळ झोपायला आणि डबा घ्यायला येतो. सकाळी अकरा वाजता आपल्याच हॉलमध्ये ऊन कुठवर येतं हे अनेकांना ठाऊक नसतं, कारण त्या वेळी ते कधी घरात जागे नसतात. पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाने 1972 नंतर निगडी-आकुर्डीकडे पेठा पाडल्या, कामगारांनी तिथे घरं बांधली, पण त्या घरांत राहण्याचा निवांतपणा बऱ्याच जणांना निवृत्तीनंतरच मिळाला. तोवर थांबण्याची गरज नाही.

अशा सुट्टीचं जगभर पसरलेलं चित्र असं आहे: खिडकीबाहेर बर्फ, आत उबदार खोली, हातात पुस्तक. आपल्याकडे यातला बर्फ नाही. महाराष्ट्रात हिमवर्षाव होत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी किंवा नंदुरबारच्या सातपुड्यात कडाक्याच्या थंडीत पहाटे दव गोठतं, गवतावर आणि गाड्यांच्या टपांवर पांढरा थर जमतो, आणि वर्तमानपत्रं त्याचे फोटो छापतात. आपली मजल तिथवरच. पुण्याच्या वेधशाळेत नोंदलेलं सर्वांत कमी तापमान 1.7 अंश, तेही 17 जानेवारी 1935 चं. एरवी डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या आसपास घुटमळतो. पण पहाटे साडेपाचला मोशी किंवा तळवड्याच्या थांब्यावर कंपनीच्या बसची वाट बघत उभ्या असलेल्या माणसाला हे आकडे सांगू नयेत. इंद्रायणीकडून येणारा गारठा, मफलरमधून निघणारी वाफ आणि शेकोटीशी चाललेली ढकलाढकल, ही इथली थंडी आहे. शटडाऊनच्या आठवड्यात ती खिडकीच्या आतून बघायला मिळते. पहाटे पाचला सवयीने जाग येणं, बाहेर रिक्षा खोकत सुरू होताना ऐकणं आणि कूस बदलून पुन्हा झोपणं, या सुखाला मनालीचं तिकीट लागत नाही.

मनाली मात्र डोक्यात असते. नाताळच्या सुमाराला बर्फ बघायला निघालेल्या मराठी कुटुंबांनी हिमाचलचे रस्ते भरलेले असतात. ज्यांना जमेल त्यांनी जरूर जावं. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी बर्फ मोबाइलवर येतो. जर्मनीला प्रशिक्षणासाठी गेलेला भाचा किंवा कॅनडात स्थायिक झालेली पुतणी व्हिडिओ कॉलवर अंगण दाखवते, आणि मग गाडीवरचा बर्फ खरवडायला किती वेळ लागतो आणि काळोख किती लवकर पडतो हेही सांगते. तिकडच्या लोकांची घरात बसण्याची हौस पुष्कळदा नाइलाजातून आलेली असते. आपल्याकडे दुपारी बाराला स्वेटर काढावा लागतो. घरात राहणं ही इथे मर्जीची गोष्ट आहे.

बर्फ हवाच असेल तर तो पडद्यावर आणि पानांवर भरपूर आहे, आणि या पट्ट्यातल्या माणसाला तो वेगळ्या नजरेने बघता येईल. फ्रँक काप्राच्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ' या 1946 च्या चित्रपटाचा शेवट नाताळच्या आदल्या रात्री बर्फाने भरलेल्या गावात घडतो. अमेरिकेत घराघरांत दर हिवाळ्यात तो लागतो. चित्रीकरण मात्र कॅलिफोर्नियाच्या उन्हाळ्यात झालं. त्याआधी चित्रपटांत बर्फ म्हणून पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स पसरायचे. त्यांच्यावरून चाललं की इतका कुरकुर आवाज व्हायचा की संवाद नंतर वेगळे ध्वनिमुद्रित करावे लागत. काप्राला संवाद जागेवरच हवे होते. मग स्टुडिओच्या तंत्रज्ञांनी आग विझवायच्या फेसाचं रसायन, साबण आणि पाणी एकत्र करून ते मिश्रण दाबाने पंख्याच्या झोतात सोडलं. भुरभुर पडणारा, आवाज न करणारा बर्फ तयार झाला, आणि त्या तंत्रज्ञांना अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. कारखान्यात दरवर्षी फायर ड्रिल करणाऱ्या, फोमचा सिलिंडर हाताळलेल्या माणसाने हा चित्रपट बघताना नायकाच्या दुःखाबरोबर त्या फेसाकडेही बघावं. डेव्हिड लीनच्या 'डॉक्टर झिवागो'मधला रशियन हिवाळा असाच मोठ्या प्रमाणावर स्पेनमध्ये तयार झाला. 1965 च्या त्या चित्रपटातलं गोठलेलं घर मेणाने गोठवलेलं आहे. पडद्यावरची थंडी हेही शेवटी कुणाचं तरी पाळीतलं काम असतं.

घरात लहान मुलं असतील तर चॅप्लिनचा 'गोल्ड रश' लावावा. 1925 चा आहे, मूकपट आहे, भाषेची अडचण नाही. उपाशी चार्ली बूट शिजवून ताटात घेतो आणि कड्याच्या टोकावर लाकडी खोपटं डोलतं, तेव्हा आजोबा आणि नातू एकाच ठिकाणी हसतात. हिंदीतला बर्फ ज्यांना हवा त्यांच्यासाठी शम्मी कपूरचा 'जंगली' आहे. 1961 च्या त्या चित्रपटात बर्फात घुमलेली आरोळी आजही ऐकू येते. त्यातली एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे: तो कडक, हसण्याला बंदी असलेल्या घरातला माणूस सुधारतो ते बर्फाच्या वादळाने एका खोलीत सक्तीने थांबावं लागतं म्हणून. सक्तीच्या सुट्टीचे गुण सांगणारा यापेक्षा आनंदी चित्रपट मिळणं कठीण.

मराठीत बर्फ शोधायचा तर तो पुण्याच्याच एका लेखकाकडे आहे. जयंत नारळीकरांच्या 'हिमप्रलय' या कथेत मुंबईत बर्फ पडतो. सकाळी मुलं वडिलांना उठवून खिडकीबाहेरचं पांढरं जग दाखवतात, आणि बघताबघता तो आनंद हिमयुगाच्या भीतीत बदलतो. एका शास्त्रज्ञाने हे आधीच सांगितलेलं असतं, पण कुणी मनावर घेतलेलं नसतं. नारळीकर विज्ञानकथेकडे वळले ते एका स्पर्धेच्या निमित्ताने. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. आपल्या नावाची आद्याक्षरं त्यांनी उलटी लावली होती. 2025 च्या मे महिन्यात ते गेले. थंडीत, रजई ओढून, घरातल्या शाळकरी मुलाला 'हिमप्रलय' मोठ्याने वाचून दाखवावी. हवामानबदलाच्या दहा भाषणांपेक्षा ती जास्त काम करते.

या पुस्तकातला मधला भाग जोड्यांचा आहे: एक पुस्तक आणि त्यावरून झालेला चित्रपट. पाच-सहा दिवसांच्या सुट्टीला हा बेत छान बसतो. तीन दिवस वाचावं, चौथ्या दिवशी बघावं आणि पाचव्या दिवशी जेवताना भांडावं. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' 1955 ची, आणि अमोल पालेकरांचा चित्रपट 1995 चा. गावातून नोकरीच्या गावी जाऊन पडलेल्या कुणालाही त्यातला तरुण मास्तर ओळखीचा वाटेल. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि जब्बार पटेलांनी 1979 मध्ये 'सिंहासन' केला. युनियन, मंत्रालय आणि पत्रकार यांच्यातले व्यवहार ज्यांनी जवळून पाहिले आहेत त्यांना तो जुना वाटणार नाही. मिलिंद बोकीलांची 'शाळा' आणि सुजय डहाके यांचा चित्रपट ही जोडी दहावीतल्या मुलांबरोबर बघायची, आणि बघताना त्यांच्याकडे मुद्दाम बघायचं नाही.

एक जोडी तर याच पट्ट्यातली आहे. गो. नी. दांडेकर तळेगाव दाभाड्याला राहिले. आज जिथे कंटेनरच्या रांगा लागतात त्या वाटांनी ते पायी किल्ल्यांकडे जात. त्यांच्या 'जैत रे जैत' या कादंबरीवर 1977 मध्ये जब्बार पटेलांनी चित्रपट केला. मधमाश्यांशी वैर मांडणारा ठाकर नाग्या आणि त्याची चिंधी मोहन आगाशे आणि स्मिता पाटील यांनी उभी केली. दांडेकरांचीच 'माचीवरला बुधा' ही कादंबरी राजमाचीच्या परिसरातली. मुंबईच्या गिरण्यांत जन्म काढून एकटाच माचीवर परतलेला म्हातारा कामगार तिच्यात आहे. निवृत्तीला आलेल्या कामगाराने ती या सुट्टीत वाचावी. भाक्रा-नांगल धरण बांधणाऱ्यांवरची 'आम्ही भगीरथाचे पुत्र' ही त्यांचीच. मोठा प्रकल्प उभा राहतो तेव्हा त्यात माणसं कशी लागतात, हे ज्यांनी चाकणच्या माळावर पाहिलं आहे त्यांना त्या कादंबरीचा सूर लगेच सापडेल.

जुना चित्रपट हवा असेल तर प्रभातचा 'संत तुकाराम'. 1936 चा हा बोलपट दामले-फत्तेलाल यांनी पुण्यात केला आणि 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात तो गौरवला गेला. तुकोबांचं देहू याच शहराच्या कुशीत आहे. ज्या भंडारा डोंगरावर तुकोबा एकांतासाठी जात त्याच्या पायथ्याशी आज तळेगाव-चाकण रस्ता धडधडतो. चित्रपटात विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम जितका शांत आहे तितकीच गौरीची आवली, म्हणजे त्याची बायको, कष्टाने चिडलेली आहे. तिच्या चिडण्याकडे या सुट्टीत विशेष लक्ष द्यावं, त्याचं कारण पुढे येईल.

वाचायला पुस्तकं आणायची कुठून, हा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. बहुतेक घरांत दिवाळी अंक पडलेले असतात. 1909 मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणूस दिवाळीत अंक विकत घेतो, फराळाच्या वासात चाळतो आणि नंतर सोफ्याखाली सारतो. तो खऱ्या अर्थाने वाचायचा महिना डिसेंबर आहे. अनेक वाचनालयांच्या दिवाळी अंक योजना या काळात चालू असतात. थोड्या पैशांत आळीपाळीने बरेच अंक वाचून होतात. 2023 पासून डिसेंबरात फर्ग्युसनच्या आवारात पुणे पुस्तक महोत्सव भरतो. मेट्रोने पिंपरीहून तिथवर जाणं आता सोपं झालं आहे. आणि पगारपत्रक नीट वाचलं तर जून आणि डिसेंबरात कामगार कल्याण निधीची एक लहानशी कपात दिसेल. तिच्या नावाकडे आपण दुर्लक्ष करतो. त्या पैशांतून महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाची केंद्रं चालतात आणि अनेक केंद्रांत ग्रंथालय असतं. म्हणजे वर्गणी आपण भरतोच आहोत, फक्त पुस्तक घ्यायला गेलेलो नाही.

अशा ग्रंथालयाच्या कपाटातून काढण्यासारखी दोन नावं इथे सांगतो. नारायण सुर्व्यांचं 'माझे विद्यापीठ' 1966 चं. गिरणीत आणि रस्त्यावर वाढलेल्या माणसाने लिहिलेली ही कविता वाचायला कुठलीही पदवी लागत नाही. दुसरं, बाबूराव बागुलांचा 1963 चा कथासंग्रह 'जेव्हा मी जात चोरली होती'. परगावी नोकरीवर रुजू झालेल्या रेल्वे कामगाराला राहायला खोली मिळावी म्हणून जात लपवावी लागते, ती ही शीर्षककथा. खोली भाड्याने देताना आडनाव विचारलं जाणाऱ्या कुठल्याही शहरात ती अजून जुनी झालेली नाही. निवांत सुट्टी म्हणजे फक्त गोड वाचन असं मानू नये. डोकं शांत असतानाच कडू पुस्तक नीट पचतं.

आता आवलीकडे येऊ. कंपनी बंद झाली तरी घर बंद होत नाही, उलट दुप्पट वेगाने सुरू होतं. एरवी नवरा कॅन्टीनमध्ये जेवतो, मुलं डबा नेतात. शटडाऊनमध्ये सगळे घरात, म्हणजे चहा चारदा, नाश्ता दोनदा, दुपारी गरम पोळी आणि संध्याकाळी 'काहीतरी चमचमीत'. त्यात थंडीची कामं: डिंकाचे लाडू, मटार साठवण, गाजराचा हलवा. चित्रपटाचा शेवट बहुतेक घरांत तिने स्वयंपाकघरातून ऐकलेला असतो. एकाची सुट्टी दुसऱ्याची जादा पाळी होणार असेल तर तिला सुट्टी म्हणू नये. उपाय अवघड नाहीत. दोन-तीन किलो मटार आणावेत, टीव्हीसमोर जुनं वर्तमानपत्र पसरावं आणि सगळ्यांनी सोलायला बसावं. दाण्यांतले निम्मे मुलं खातील, सालं सोफ्यावर उडतील, पण मध्यंतरापर्यंत पातेलं भरतं आणि सोलणारीला चित्रपट सोडून उठावं लागत नाही. मावळातला नवा इंद्रायणी बाजारात आलेला असतो. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं एवढं लक्षात ठेवलं तर मऊ भात, मटारची उसळ आणि वर तूप हे जेवण घरातला कुणीही करू शकतो. शिट्ट्या मोजायला आयटीआय झालेला माणूस पुरेसा आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय ही प्रस्तावना प्रामाणिक होणार नाही. या पट्ट्यात सुट्टी सगळ्यांना सारखी मिळत नाही. कायम कामगाराचे शटडाऊनचे दिवस कुठे रजेतून वळते होतात, कुठे पुढे साप्ताहिक सुट्टीला काम करून भरून द्यावे लागतात. कंत्राटी कामगार, ट्रेनी, लोडिंगवाले यांच्यापैकी अनेकांना 'काम नाही तर दाम नाही'. त्यांच्यासाठी बंद फाटक म्हणजे त्या महिन्याच्या खोलीभाड्याची चिंता. मंदीच्या काळात वारंवार लागलेल्या ब्लॉक क्लोजरची, म्हणजे मागणी नाही म्हणून कारखाना काही दिवस बंद ठेवण्याची, आठवण इथल्या कायम कामगारांनाही आहे, आणि 2020 च्या टाळेबंदीत घरात राहण्याचा अर्थ काय झाला होता हे कुणाला सांगायला नको. म्हणून या पुस्तकात घरातल्या सुट्टीचं कौतुक आहे, पण ती फुकट आहे असा दावा नाही. भरपगारी विश्रांती हा हक्क आहे. तो ज्यांना मिळाला आहे त्यांनी तो पुरता वापरावा आणि ज्यांना मिळालेला नाही त्यांना तो मिळावा असं म्हणत राहावं. लोखंड्यांनी मागणी केली तेव्हा रविवारसुद्धा चैनच वाटली होती.

पुस्तकाची मांडणी सोपी आहे. पहिल्या भागात थंडी आणि शहर, दुसऱ्यात चित्रपट आणि जोड्या, तिसऱ्यात वाचन. क्रमाने वाचण्याची सक्ती नाही. शिफारशी पटल्या नाहीत तर स्वतःची यादी समासात लिहावी, पुस्तक त्यासाठी समास मोठे ठेवून छापलं आहे. टीव्ही मोठा नसेल तर मोबाइल भांड्याला टेकवून बघितलेला चित्रपटही चित्रपटच असतो. फक्त दोन गोष्टी टाळाव्यात. सुट्टीत काय-काय 'पूर्ण' करायचं याचा तक्ता करू नये, टार्गेट वर्षभर आहेतच. आणि कंपनीचा व्हॉट्सॲप ग्रुप बंद ठेवायला घाबरू नये. खरंच काही जळलं तर फोन येतोच.

शटडाऊनची नोटीस सूचना फलकावर लागते तेव्हा साधारण महिना हाताशी असतो. तेवढ्यात एक पुस्तक आणून ठेवा, एक चित्रपट ठरवून ठेवा आणि घरातल्या कुणाची सुट्टी कोणत्या दिवशी, हे आधी विचारून घ्या. बाकी सगळं लाइन पुन्हा सुरू झाल्यावर बघता येईल.